अर्ध्या कपाचं घराणं

शिंप्याच्या घरात कप अर्धाच भरायचा. काठोकाठ भरणं म्हणजे हावरटपणा, असं त्याची आई सांगायची, आणि सांगता सांगता तिच्या हातातली बशी किणकिणायची. बहिणीचीही किणकिणायची. घरात याला ‘वळण’ म्हणत.

परवा दुकानात कोटाची बाही बेतता बेतता शिंपी आडवा झाला, हातपाय झाडू लागला. बाही आखूड झाली ती झालीच. म्हणून आज डोक्याला चिकट मलमानं तारा डकवून तो दवाखान्यात मेंदूच्या लहरींचा आलेख काढून घेत पडला होता. शेजारी त्याची मुलगी, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

डोळ्यांवर दिवा लुकलुकला. पडद्यावरच्या संथ रेषा टणाटण उड्या मारू लागल्या. त्याच्या बोटांनीही ठेका धरला.

डॉक्टरीणबाई रेषा बघत म्हणाल्या, "हे बहुधा आईबापाकडून येतं. घरात कुणाचे हात थरथरतात? कुणाला फिट?"

"छे! आमच्याकडे सगळे ठणठणीत."

"नीट आठवा. चुकीच्या गोळीनं हा त्रास वाढतो."

"आठवलं. कुणी नाही."

बहीण जिन्यावरून कोसळून वारली तेव्हा लोक म्हणाले, पीत असणार. शिंप्यानं मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही. पिणं निदान रक्तातून उतरत नाही, पोरीच्या लग्नाच्या आड येत नाही.

बाईंनी त्याला तारांसकट उठवून बसवलं, चहा मागवला. कप काठोकाठ भरलेले.

"आमच्यात अर्धाच घेतात," शिंपी घाईघाईनं म्हणाला.

"का हो?"

"वळण आहे."

तोवर मुलीनं कप उचलला होता. बशी किणकिणली, चहा तिच्या ओढणीवर सांडला. ती ओल्या ओढणीकडे बघत हळूच म्हणाली, "बाबा, मीही आत्यासारखी प्यायलेय म्हणून सांगणार का?"

शिंप्याचे कान तापले. डोक्यावर तारा, तोंड लपवायलाही जागा नाही. त्यानं तिच्या हातातला कप घेतला. उरलेला चहा त्याच्या सदऱ्यावर गेला.

"लिहा बाई," तो खाली बघत म्हणाला. "माझी आई. माझी ताई. ताई कधी थेंबभरही प्यायली नाही, तेही लिहा."

"आणि?"

"आणि ही. हिचा आलेखही आजच काढा."

मुलीनं मांडीखालचा दुसरा हात बाहेर काढला.