वाकळीतली थमीन

सख्ख्या भावाला मी ओळखलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. धाकटा कोंडाजी तेवीस वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या लोको शेडमधली फिटरची नोकरी सोडून ब्रह्मदेशात गेला, रंगूनजवळच्या इनसीनच्या रेल्वे कारखान्यात. जाताना दारातून मान वाकवून बाहेर पडला होता, एवढा उंच. बेचाळीस सालच्या आषाढात कल्याणकडून आलेल्या पॅसेंजरमधून उतरला तो एक वाळलेला म्हातारा. अंगात कुणाचा तरी फौजी कोट, खाली गुडघ्यापर्यंत आलेली लुंगी. मी रेल्वेत सांधेवाला, गाड्यांचे रूळ बदलणारा. ड्युटी संपवून फलाटावरून घरी निघालो होतो. म्हातारा वाटेत आला म्हणून बाजूला झालो.

"दादा," तो म्हणाला, "कोंडाजी हाय मी."

त्याच्यामागे सोळा-सतरा वर्षांची पोरगी उभी होती. डोक्यावर केसांची घट्ट गाठ, अंगात आखूड बंडी आणि कमरेभोवती गुंडाळलेलं, घोट्यापर्यंत सरळ उतरलेलं कापड. जपानी आले तेव्हा ही तिघं इनसीनहून निघाली होती. डोंगर आणि चिखल तुडवत महिनाभर चालली. मणिपूर गाठण्याआधीच कोंडाजीची ब्रह्मी बायको गेली. तिला धड पुरताही आलं नाही, एवढं एकदाच तो बोलला आणि पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही.

आम्हा नवराबायकोला मूलबाळ नाही. रेल्वेच्या चाळीतली दीड खोली दोघांना पुरून उरायची आणि उरलेली जागाच माझ्या बायकोला, झुंबरला, खायला उठायची. पोरगी आल्याबरोबर तिने तिला कुशीत घेतलं, न्हाऊ घातलं, केस विंचरले. पोरीचं नाव खिन. झुंबरने त्याच दिवशी तिची चिमा करून टाकली. म्हणाली, "मला 'मोठी आय' म्हनायचं." पोरीने मान हलवली. फार बोलत नव्हती. कोंडाजीशी बोलली तर त्यांच्या भाषेत. आपल्या बोलण्यातलं तिला किती कळतं, याचा आम्हाला अंदाज नव्हता, आणि खरं सांगायचं तर आम्ही तो घेतलाही नाही.

त्या गुंडाळायच्या कापडाला त्यांच्यात थमीन म्हणतात. दोन्ही टोकं शिवून गोल केलेली असते, आत शिरायचं आणि कमरेशी खोचायची. चिमाकडे अशा दोन. एक चालून चालून विरलेली. दुसरी तिच्या आईची: जांभळी, रेशमी, पिवळ्या नागमोडी रेघांची, वर कमरेशी काळी सुती पट्टी. आईचं म्हणून तिच्याजवळ जगात एवढंच होतं. घरातलं काम ती विरलेलीत करायची आणि काम संपलं की आईची नेसायची.

चाळीत बोलणं सुरू व्हायला वेळ लागला नाही. शेजारची धोंडाबाई तिसऱ्या दिवशीच म्हणाली, "झुंबर, पोरीनं चादर का गं गुंडाळलीया? लुगडं न्हाई का घरात?" बायका हसल्या. लोणावळ्यात मडमा गुडघ्याएवढ्या झग्यात फिरतात, तुंगार्लीच्या बंगल्यांत मुंबईच्या शेटाण्या काय काय घालून बसतात, त्यांना कुणी चादर म्हणत नाही. माझंच बघा ना. ड्युटीवर निळी विजार आणि सदरा, घरी धोतर. तीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही की बाबा, तू नक्की कुठला. पण हे मी धोंडाबाईला बोललो नाही. पाळी करून आलेल्या माणसाला भांडणाची हौस उरत नाही.

कोंडाजीचं बरं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने लुंगी सोडली, माझं धोतर नेसला, टोपी घातली. "तितं लुंगी नेसत व्हतो, हितं धोतर नेसंन. माजं काय अडलं?" पण धोतर नेसून तो जायचा कुठं? अंगात ताप मुरलेला. दिवसाआड हुडहुडी भरायची आणि खाट हलायची.

मग एक दिवस आंदर मावळातून आमच्या भावकीतले वडीलधारे महिपतीआबा आले. भरपावसात, डोक्यावर इरलं घेऊन, सहा कोस चालत. माणूस वाईट नाही. कोंडाजीच्या खाटेवर बसले, त्याचा हात हातात घेतला.

"कोंडाजी, तू परमुलखात बायकू केलीस. झालं गेलं. तू आमचाच हाईस. गौरी-गनपतीला गावी ये, पंगतीला बस. मी तुला संगट बशीवतो."

कोंडाजी ढसाढसा रडला. तेवीस वर्षं त्याने याच पंगतीची वाट बघितली असणार.

"फकस्त एक," आबा म्हणाले. "पोरगी अशी आली तर बाया तिच्या ताटाशेजारी बसायच्या न्हाईत. लुगडं, कुकू, बांगड्या. येवढं करा."

येवढंच तर होतं. मलाही ते येवढंच वाटलं.

कोंडाजीने पोरीला त्यांच्या भाषेत सांगितलं. तिने ऐकून घेतलं, एक शब्द बोलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरपुढे हात बाजूला धरून उभी राहिली, नेसवा म्हणून. लढाईमुळे कापड मिळत नव्हतं. झुंबरकडे फाटून दंड न घातलेलं, धड असं एकच लुगडं होतं, हिरवं, सणाचं. ते तिने काढलं. कासोटा घालायला शिकवताना दोघींचा तासभर गेला. निऱ्या सुटायच्या, पुन्हा घ्यायच्या. झुंबर हसत होती, पोरगीही एकदा हसली. कपाळाला कुंकू लावून झुंबर म्हणाली, "आता दिसली माजी लेक." आणि तिला कोंडाजीसमोर नेऊन उभं केलं.

कोंडाजीने पोरीकडे पाहिलं. "ब्येस," म्हणाला आणि भिंतीकडे कूस वळवली. मला वाटलं, ताप चढतोय.

त्या दिवसापासून चिमा लुगडंच नेसू लागली. आठवड्याभरात घोळ न होता भराभर चालायला लागली. आईची थमीन घडी घालून ट्रंकेत गेली. ट्रंक उघडली की झुंबर त्या घडीकडे बघायची. आता पुढं तिने जे केलं ते प्रेमाने केलं, हे मी तेव्हाही जाणत होतो आणि आजही जाणतो. तरी तिला बोललो ते बोललोच.

आमच्याकडे घरातलं बाईमाणूस गेलं की तिची लुगडी टाकून देत नाहीत. त्यांची वाकळ शिवतात. जुनी धोतरं, फाटके सदरे आत घालायचे आणि आईचं चांगल्यातलं चांगलं लुगडं वरच्या अंगाला लावायचं, म्हणजे पांघरलं की ते तोंडाशी येतं. माझ्या आईच्या लुगड्याची वाकळ अजून आम्ही पांघरतो. झुंबरने विचार केला, पोरीला लुगडी झाली, आईचं रेशीम नुसतं ट्रंकेत पडलंय, आणि इकडे दीर थंडीने काकडतोय. त्याच्या बायकोचं कापड त्याच्याच अंगावर आलं तर त्याला ऊब आणि तिच्या आत्म्याला शांती. पोरीला विचारलं नाही. यात विचारायचं ते काय, असंच तिला वाटलं असणार. उलट पोरीला अचानक दाखवायचं म्हणून चार दुपारी धोंडाबाईच्या ओसरीवर बसून तिने वाकळ शिवली. थमिनीची शिवण उसवली, काळी पट्टी कापून बाजूला काढली, रेशीम उलगडून वर लावलं आणि बारीक धावदोऱ्याने सगळं दाटून घेतलं. काम सुरेख झालं होतं. धोंडाबाईसुद्धा नावाजून गेली.

पाचव्या दुपारी कोंडाजीला हुडहुडी भरली. मी घरीच होतो. झुंबरने वाकळ आणून त्याच्या अंगावर घातली. त्याने डोळे उघडले, वाकळीवर हात फिरवला आणि ती ओढून डोक्यावरून घेतली.

तेवढ्यात चिमा धुणं धुऊन आली. दारात थांबली. तिच्या हातातली बादली खाली पडली, धुतलेले कपडे चिखलात गेले. ती धावली आणि बापाच्या डोक्यावरून तिने वाकळ खसकन ओढली. ओरडत होती, त्यांच्या भाषेत, मोठ्याने. त्या पोरीचा एवढा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

"अगं, याड लागलं का तुला?" झुंबर म्हणाली. "त्यो थंडीनं मरतोय न् तू पांघरून काढतीयास!"

पोरीने वाकळ कमरेखाली धरून ठेवली होती, वर येऊ देत नव्हती.

"तिला बोलू नगा वैनी," कोंडाजी म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "तितं बाईच्या कमरंचं कापड गड्याच्या डोक्याला लागू देत न्हाईत. वाळत घातलेल्या थमिनीखालनं सुदिक गडी जात न्हाई. गड्याचं बळ जातं म्हनत्यात. आजारी मानसाच्या डोक्यावर तर..."

झुंबर खाटेच्या पायथ्याशी बसली.

"तुला ठावं व्हतं," मी म्हणालो, "मग डोक्यावरनं का घेतलीस?"

"थंडी वाजत व्हती दादा," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

मी तेव्हा झुंबरला नको नको ते बोललो. विचारायला तुझी जीभ झडली होती का, म्हणालो. चाळ ऐकत होती. मग पोरीवरही खेकसलो, हितं ते काही नसतं, घाल त्याच्या अंगावर. तिने माझं घोंगडं आणून बापावर घातलं आणि वाकळ ट्रंकेमागे ठेवून दिली. पुढचे दिवस कोंडाजी मधूनच हात पुढे करायचा. "दे पोरी," म्हणायचा. ती मान हलवायची आणि त्याचे पाय चोळत बसायची.

आठव्या दिवशी दुपारी कोंडाजी गेला. रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर आधीच म्हणाले होते, ताप जंगलातून घेऊन आलाय, छातीत पाणी झालंय, आता हातात काही नाही. मी हे झुंबरला दहा वेळा सांगितलं. ती म्हणे, व्हय. आणि पुन्हा ट्रंकेमागच्या वाकळीकडे बघत बसे. गौरी-गणपतीला अजून पंधरा दिवस होते. महिपतीआबा चार माणसं घेऊन आले, खांदा दिला. पंगत राहिलीच.

तेरावा होईपर्यंत झुंबर दुपारी ट्रंकेशी बसून वाकळ उसवत होती. एक एक टाका सुईने उचलायचा, रेशमाला ओढ बसू द्यायची नाही. शिवायला चार दिवस लागले होते, उसवायला नऊ लागले. मग तिने थमिनीची शिवण पुन्हा घातली, काळी पट्टी जोडली, टाक्यांची भोकं पाण्याच्या हाताने दाबून दाबून बुजवली आणि घडी ट्रंकेखाली ठेवली. चौदाव्या दिवशी ती घडी तिने चिमाच्या मांडीवर आणून ठेवली.

"ही नेस गं बाय," ती म्हणाली. "गाव काय म्हनंल त्ये म्हनू दे. पंगत गेली खड्ड्यात. तुला कोन बोललं तर मी हाय. नेस. आन मला माफ कर."

चिमाने शिवणीवरून बोट फिरवलं. मग बोलली, आमच्याच बोलीत, कोंडाजी बोलायचा तशी. एवढं ती पहिल्यांदाच बोलली.

"मोठी आय, तुमी चुकला न्हाई. तुमाला ठावं नव्हतं. आन मला लुगडं आवाडतं. चालाया बरं पडतं."

"मग आदी येवढी का धरून बसली व्हतीस गं?"

"आय गेली तवापास्नं बा रोज रडायचा. म्हनायचा, मला तिचं त्वांड आठवंना, मरतानाचंच दिसतंया. मी ही नेसून म्होरं हुबी ऱ्हायले की त्याला आय दिसायची. जशी घरात असायची तशी." तिने घडी उचलून झुंबरच्या हातात परत दिली. "मी त्याच्यासाठी नेसत व्हते. आता कुनासाठी नेसू?"

झुंबर तोंडाला पदर लावून रडायला लागली. चिमा उठली, कासोटा नीट केला आणि भाकरीचं पीठ मळायला बसली. हिरव्या लुगड्यातल्या पोरीला पाहून कोंडाजीने भिंतीकडे तोंड फिरवलं तेव्हा त्याचं काय गेलं, ते मला आज कळत होतं. गावच्या पंगतीत एक पाट मिळावा म्हणून आम्ही माझ्या भावाची बायको त्याच्या डोळ्यांपुढून उचलून नेली होती. आणि त्याने आम्हाला ब्येस म्हटलं होतं.