नववी चिंधी

डेकच्या शेवटच्या फळीवर तेलाचा हात फिरवून मी वळलो. दोरीवर एकही चिंधी नव्हती.

घरामागचा हा लाकडी डेक अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, स्वतः ठोकलेला. दोन वर्षांत उन्हापावसाने फळ्या करड्या पडल्या आणि अण्णांचे पाय लुळे पडले. त्यांची खाट तिथे उघड्यावर ठेवता यावी म्हणून मी चार दिवस फळ्या घासत होतो. आज जवसाचं तेल पाजलं. हे तेल वाळताना तापतं. तेलाची चिंधी मोकळी टांगली तर निमूट वाळते. बोळा करून टाकली तर काडी न लावता पेटते. मी रंगारी, मला हे ठाऊक. बहिणीला मात्र एवढंच बजावलं होतं, "माझ्या सामानाला हात लावायचा नाही." कारणं सांगत बसायची मला सवय नाही.

"चिंध्या कुठायत?" मी ओरडलो.

"आवरल्या. केवढा पसारा करून ठेवलायस, दादा!"

"आवरल्या म्हणजे कुठे?"

"बादलीत. अण्णांच्या खोलीमागच्या अडगळीत."

मी धावलो. बादलीत जुन्या वर्तमानपत्रांवर चिंध्यांचा गच्च गोळा. हात घातला तर चटकाच बसला. बादली अंगणात उपडी केली, नळ सोडला आणि एकेक चिंधी मोजली. आठ. जुन्या चादरीच्या मी नऊ फाडल्या होत्या.

"नववी कुठाय?"

"दोरीवर होत्या तेवढ्या आणल्या."

"डोळे फुटले होते का तुझे? घर जाळशील एक दिवस!"

ती रडकुंडीला आली, पण शोधत राहिली. डेकखाली, कचऱ्याच्या डब्यात, शिडीमागे. मी तिच्या मागे मागे, तोंडाचा पट्टा चालूच. घाबरलो की मी चिडतो, लहानपणापासूनचं आहे ते. तिची अक्कल काढून झाली, तिच्या आवराआवरीचा उद्धार करून झाला, आणि तेवढ्यात जळकट वास आला. अडगळीतून नाही. अण्णांच्या खोलीतून.

खाटेखाली माझा एप्रन होता. मघाशी अण्णांना पाणी द्यायला आलो तेव्हा मीच तो काढून, गुंडाळून तिथे सरकवला होता. खिशातून धूर निघत होता आणि वर लोंबणारं चादरीचं टोक काळं पडत चाललं होतं. बहिणीने उशाचा तांब्या चादरीवर रिकामा केला. मी एप्रन ओढून अंगणात भिरकावला, तर तिथे त्याने भडकाच घेतला. नववी चिंधी त्याच्या खिशात होती.

अण्णा टक्क जागे होते. त्यांचा आवाज हल्ली चार हातांपलीकडे जात नाही. मी खाटेशी खालीच बसलो.

"अण्णा, हाक मारायची ना!"

"मारली की," ते म्हणाले. "सात-आठ वेळा मारली. तू ओरडत होतास."