लेकीच्या घरचं पाणी

लोणावळा स्टेशनाबाहेर टांग्यांच्या रांगेशेजारी उभं राहून मन्सूरनं सोपानरावांच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा तिसऱ्यांदा आवळला. पिशवी लष्करी होती, देहूरोडच्या जुन्या बाजारातून आणलेली, आणि बहुधा कुणा सहाफुटी जवानाच्या मापाची. सोपानराव पाच फुटांच्या वर फारसे गेलेले नव्हते. पट्टा कितीही आवळला तरी पिशवी घसरून त्यांच्या कमरेखाली बसत होती.

"आवळ अजून."

"अजून आवळली तर श्वास कोंडेल, सोपानराव."

"कोंडू दे. त्या पोरांची बघ कशी घट्ट बसलीया."

ती पोरं म्हणजे मुंबईहून आलेला कॉलेजातला घोळका. पाठीवर पिशव्या, गळ्यात रुमाल, एकाच्या हातात ट्रान्झिस्टर. त्यांनी या दोघांकडे एकदा पाहिलं आणि हसू दाबत ती बाजारपेठेच्या दिशेनं निघून गेली. सोपानरावांचा पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, पायात कंपनीचे बूट. असा गिर्यारोहक त्यांनी यापूर्वी पाहिलेला नसावा.

मन्सूरलाही या प्रकाराचं कोडंच पडलं होतं. आठवड्याचे सहा दिवस लेथसमोर उभं राहिलेला माणूस गुरुवारच्या सुट्टीत झोप काढतो, रेशनच्या रांगेत उभा राहतो, फार तर केस कापून येतो. आणि सोपानराव तर शेजारच्या आळीत जायलाही सायकल काढणारे. तरी सोमवारी चहाच्या वेळेला ते अचानक म्हणाले होते, "गुरुवारी डोंगर फिराया जाऊ. पाठीवर पिशव्या टाकून, त्या पोरांवानी." सगळं डिपार्टमेंट हसलं होतं. ओझं वाहायचे पैसे मिळतात तेव्हा माणूस वाहतो. हौसेनं वाहणाऱ्याला काय म्हणायचं?

मन्सूर हसला नव्हता. वर्षापूर्वी तो तळेगावहून या कंपनीत लागला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातून एक मोठा जॉब बिघडला होता. सोपानरावांनी तो स्वतःच्या नावावर घेतला, फोरमनच्या शिव्या खाल्ल्या आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही. अशा माणसानं डोंगर चढ म्हटलं तर चढायचा, एवढं मन्सूरला कळत होतं.

बाजारात सोपानराव चिक्कीच्या दुकानापुढे थांबले. शेंगदाण्याच्या वड्या त्यांनी हातात घेऊन पाहिल्या, एक मोडून पाहिली, दुकानदाराशी हुज्जत घातली आणि चांगला दोन किलोंचा पुडा बांधून घेतला. सोपानरावांच्या दाढा तीन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या.

"सुभद्रावहिनींसाठी?" मन्सूरनं विचारलं.

"तिला तरी कुठं दात राहिल्यात!" सोपानराव म्हणाले आणि पुडा पिशवीत अगदी वर, हाताशी लागेल असा ठेवून चालू लागले.

गाव अर्धवट झोपेतच होतं. पौषातलं ऊन बंगल्यांच्या कौलांवर पसरलं होतं. फाटकांवर शेटजींची नावं, आत पाणी घालणारे माळी, बंद खिडक्या. एक घोडेवाला मागे लागला, "साहेब, पॉइंट दाखवतो, सगळी दरी दिसते." जन्मात पहिल्यांदा कुणी साहेब म्हटलं तरी सोपानरावांनी वळून पाहिलं नाही. पुढे धरणाच्या भिंतीजवळ मुंबईची पोरं फोटो काढत थांबली होती. खाली दरी निळसर दिसत होती. मन्सूर थांबला; सोपानराव थांबले नाहीत.

आणि तिथं मन्सूरच्या लक्षात आलं की या माणसानं अजून एकदाही वाट विचारलेली नाही.

धरण मागे पडलं, गाडीवाटेची पायवाट झाली. वाळल्या गवतातून तास-दीड तास चालल्यावर एका झऱ्याशी बसून त्यांनी भाकरी खाल्ली. सोपानरावांनी पिशवीतून पितळेचं फुलपात्र काढून झऱ्याचं पाणी घेतलं. मन्सूरनं ते पिऊन झाल्यावर हातात धरून निरखलं. कंपनीतल्या एका टाकाऊ बुशातून, म्हणजे पितळेच्या जाड नळकांड्यातून, सोपानरावांनी ते स्वतः लेथवर टर्न केलं होतं. कडा सगळीकडून सारखी, जाडी कुठे कमीजास्त नाही, आणि कडेखाली शेजारी शेजारी दोन बारीक रेघा. त्या रेघा म्हणजे सोपानरावांची सही. हौसेनं केलेल्या प्रत्येक वस्तूवर ते त्या ओढत.

"ह्याची जोडी केलीती," सोपानराव म्हणाले. "दुसरं दिलं."

कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही.

ऊन कलायच्या सुमाराला एक वाडी दिसू लागली. वर उतारावर दहाबारा घरं, खाली भाताची कापून झालेली खाचरं. खाचराच्या बांधावर एक जांभळीचं झाड होतं. सोपानराव तिथं बसले, पिशवी काढून त्यांनी बाजूला ठेवली आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांच्या कपाळावर घाम होता, तो नुसता चालण्याचा वाटत नव्हता.

"मन्सूर, माझी शालन हितं दिलीया. ते तिसरं घर. दारात लिंबोणी हाय बघ."

मन्सूरनं वर लिंबोणीकडे पाहिलं. सोपानराव जमिनीकडे बघत बोलत राहिले. दीड वर्षापूर्वीचं लग्न. चिंचवडला भर मांडवात व्याही अर्जुनराव कुणाला तरी म्हणाले, की जमीन कंपनीला देऊन कंपनीतच हमाली करणारा हा कसला कुणबी. म्हणाले ते हळू, पण ऐकू जाईल असं. सोपानरावांनी जेवणाच्या पंगतीसमोर उभं राहून सांगितलं की पुन्हा तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. शब्द गेला तो गेला. पहिल्या दिवाळसणाला त्यांनी लेक-जावयाला बोलावणं धाडलं नाही. तोवर दोन पत्रं आली होती, ती दिवाळीनंतर यायची बंद झाली. आणि पंधरा दिवसांपूर्वी चाकणच्या बाजारात या बाजूची एक बाई सुभद्राबाईंना म्हणाली, तुमची पोर फार वाळलीय हो.

"तवापास्नं आमच्या घरात चूल पेटती, पण कुणी जेवत न्हाई," सोपानराव म्हणाले.

"मग जा ना वर. बापच आहात."

"कसा जाऊ? हजार माणसांपुढं बोललोय." त्यांनी टोपी गुडघ्यावर फिरवली. "तुला हितं कुणी वळखत न्हाई. शालनबी न्हाई. तू डोंगर फिरणारा. तहान लागली म्हणून पाणी माग. नुसतं तोंड बघून ये तिचं. माझं नाव काढशील तर तुला शपथ हाय."

म्हणजे एवढ्यासाठी ती पिशवी, ते बूट, तो सगळा खटाटोप होता. मन्सूरला एकदम हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. त्यानं स्वतःची पिशवी नीट पाठीवर घेतली. सोपानरावांनी फुलपात्र त्याच्या हातात दिलं.

"ह्यात घे पाणी. परक्याला भांडं देत न्हाईत पटकन."

मन्सूर उतार चढून गेला. लिंबोणीच्या सावलीत एक म्हातारी सुपात नाचणी निवडत बसली होती. ही शालनची सासू, गिरजाबाई. तिनं मान वर केली.

"पाणी मिळेल का, मावशी? डोंगर बघायला आलोय. वाट जरा चुकली."

"एकटंच?"

"एकटाच."

"तुमास्नी डोंगर बघायची येळ असती," गिरजाबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, कीवच अधिक होती. "शालन, पानी आण गं."

शालन बाहेर आली. मन्सूरनं तोंड बघायचं ठरवलं होतं आणि बघितलंही. गालाची हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले. चाकणची बाई खोटं बोलली नव्हती. पण तिनं उंबऱ्यावरून पाऊल टाकलं ते सावकाश, एक हात चौकटीला आणि दुसरा कमरेला धरून, आणि मन्सूरला कळून चुकलं. त्याची बहीण जमिला गेल्या वर्षी अशीच चालत होती. तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायला सासरी तोच गेला होता.

शालननं त्याच्या हातातलं फुलपात्र घेतलं. घेतलं आणि ती तशीच उभी राहिली. तिचा अंगठा कडेखालच्या दोन रेघांवरून गेला, परत आला. मग ती आत गेली.

"सातवा सरत आलाय," गिरजाबाई सुपाकडे बघतच म्हणाल्या. परक्याला हे का सांगावं, ते त्यांचं त्यांना माहीत. "पोटात अन्न ठरत न्हाई, पोर नुसती वाळून गेलीया. पैल्या खेपंला माहेरी न्यायची रीत. पर माहेरचं माणूस म्हणून फिरकलं न्हाई. आमचं मालकबी तसलंच. बोलावणं धाडीन म्हनलं तर अंगावर येत्यात. दोन बैलं शिंगं आडकवून हुबी ऱ्हायली, की मधी वासराचा जीव जातो."

मन्सूरच्या जिभेवर नाव आलं होतं. त्यानं ते गिळलं. शपथ नसती तर बरं झालं असतं, असं त्याला फार वाटलं.

आतून भांडं घासल्याचा आवाज येत होता, राखेनं, चांगलं दमानं. शालन बाहेर आली तेव्हा पितळ लखलखत होतं आणि पाणी काठोकाठ होतं. तिनं मन्सूरला आधी तांब्यातलं पाणी ओंजळीत दिलं, तो पोटभर प्यायला, मग फुलपात्र त्याच्या हातात ठेवलं.

"हे सोबत्याला न्या," ती म्हणाली.

मन्सूरनं एकटाच असल्याचं नुकतंच सांगितलेलं होतं. ते पुन्हा सांगायला तो धजला नाही. त्यानं गिरजाबाईंकडे पाहिलं. त्यांनी सूप एकदा झटकलं.

"आन त्याला म्हनावं, आमचं मालक तालुक्याला गेल्यात, दोन दिस येत न्हाईत. आन असलं तरी आमच्या दाराला कुलूप नसतं."

मन्सूर उतरू लागला. रोज इंचाच्या हजाराव्या भागाच्या मापानं काम करणारा त्याचा हात, पण त्या उतारावर त्यानं तो जेवढा स्थिर ठेवला तेवढा लेथवरही कधी ठेवला नव्हता. थेंब सांडला नाही. जांभळीखाली सोपानराव उभेच होते.

"बघितलीस? कशी हाय? बोल की!"

मन्सूरनं फुलपात्र पुढे केलं.

"पाणी दिलंय."

सोपानरावांनी हात मागे घेतला. "मला कसं चालंल? लेकीच्या घरचं पानी बाप पीत न्हाई, नातवंड झाल्याबिगर. तुला ठावं न्हाई व्हय?"

"ठाऊक आहे," मन्सूर म्हणाला. "आज चालणार नाही. आणखी दोन महिन्यांनी चालेल."

सोपानरावांचे ओठ हलले, बहुतेक महिने मोजत असावेत. मग ते बांधावर बसले आणि त्यांना रडू आलं. आवाज न करता, तोंड टोपीनं झाकून, ते बराच वेळ रडले. मन्सूर फुलपात्र धरून उभा राहिला. गिरजाबाईंचा निरोप त्यानं सांगितला, शब्दाला शब्द. त्यात नावाचा प्रश्न नव्हता.

"वाळलीय का?"

"वाळलीय. न्यायला हवी."

सोपानरावांनी डोळे पुसले. बूट काढले, मोजे काढले. मन्सूरच्या हातातलं फुलपात्र घेऊन त्यांनी ते पाणी आधी उजव्या पायावर ओतलं, मग डाव्या, अंगणात आलेला पाहुणा धुतो तसे दोन्ही पाय धुतले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली. पिशवीतून चिक्कीचा पुडा काढून घेतला.

"पिशवी ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी," ते म्हणाले. "इवायाच्या दारात ओझं घेऊन जात्यात व्हय कुणी?"

अनवाणीच ते उतार चढू लागले. मन्सूर दोन पिशव्या आणि रिकामं फुलपात्र घेऊन जांभळीखाली बसला. तिथून सगळं दिसत होतं. सोपानराव लिंबोणीपर्यंत गेले आणि अंगणाच्या कडेला अडून उभे राहिले. पुढे उंबरा होता, आणि मांडवात दिलेला शब्द. शालन दारात आली होती, तीही हलली नाही.

मग गिरजाबाई सूप बाजूला ठेवून उठल्या. आत गेल्या आणि काळी घोंगडी घेऊन बाहेर आल्या. ती त्यांनी दोन्ही हातांनी झटकली आणि उंबऱ्याच्या अलीकडे, अंगणातच अंथरली.