माझा पट्टा कापला ते बरं झालं

मी सबीनाचं हेल्मेट. सायकलचं. वरून पातळ प्लास्टिक, आत थर्माकोलसारखा जाड थर, हनुवटीखाली पट्टा, बस्स. बोलणार नव्हतो. पण लोक माझं कौतुक करायला लागले आणि त्या कौतुकानं एक पोरगी संकटात येणार होती, म्हणून बोलतोय.

साच्यातून निघालो तो थेट शिरूरच्या सायकलच्या दुकानात येऊन टांगला गेलो. धूळ खात होतो. सबीना आली, मला घेऊन गेली. पट्टा कसा बसवायचा हे दुकानदारालाच ठाऊक नव्हतं. तिनंच मोबाईलवर बघून मला कपाळावर पुढं ओढलं आणि आवळलं.

ती कारेगावची. रांजणगावच्या कंपनीत पॅकिंगला सायकलनं जायची. तिचे अब्बा, इनुस, म्हणाले, डोक्यावर टरबूज ठेवून कुठं निघालीस? शेजारचे बन्सीआप्पा म्हणाले, कपाळात लिहिलेलं टोपीनं पुसत न्हाई. ह्या म्हाताऱ्यांना पोरांच्या कपाळातलं सगळं वाचता येतं, रस्त्यातला खड्डा तेवढा दिसत नाही.

एका सकाळी ट्रॉलीतून गळालेल्या उसावर सायकलचं पुढचं चाक घसरलं. सबीना आडवी झाली. तिचं डोकं डांबराला लागायच्या आधी मी लागलो. कानाच्या वर माझा आतला थर चेपला, तडकला. दणका मी खाल्ला. थोडा तिच्यापर्यंत पोचलाच, खोटं कशाला सांगू? चक्कर आली, उलटी झाली. उजवं मनगट मोडलं. मनगटाला मी काय करणार? मागून ट्रक आला असता तर तिथंही माझं फारसं चाललं नसतं. मी डोक्यापुरता. पण तेवढं केलं.

मग मी हिरो झालो. भेटायला येणारा जो तो बिस्किटपुडा ठेवायचा आणि मला बोटानं वाजवून बघायचा. बन्सीआप्पांनी तर घालूनच बघितलं, तेही उलटं. अब्बा सगळ्यांना सांगायचे, ह्यानंच पोरगी वाचवली. टरबूज विसरले. आपलंच बोललेलं विसरायची मोठ्या माणसांना भारी सोय असते.

एक दिवस अब्बांनी मला धुतलं, ओरखड्यावर चिकटपट्टी लावली आणि सबीनाच्या धाकट्या बहिणीला, सबाला, हाक मारली. ती सायकलनं शाळेत जाते.

"घाल. सबीनाला लाभलंय, तुला बी लाभंल."

सबानं घातलं. बाहेरून मी धड दिसत होतो, पण आतलं चेपलेलं परत फुगत नसतं. त्याच जागी पुन्हा आपटली असती तर मी नावालाच होतो. आणि पोरगी मात्र माझ्या भरवशावर उतारावर सायकल सोडून देणार.

सबीना उठली. मला सबाच्या डोक्यावरून काढून तिनं आतला तडा दाखवला.

"अब्बा, ह्याचं काम झालं. आता ह्यात काय न्हाई राहिलं."

"धडधाकट हाय की. उपकार केलेली वस्तू कुणी टाकतं व्हय?"

"मंग उपकार तुम्ही फेडा. सबाचं डोकं कशाला देताय?"

अम्मी, म्हणजे मदिना, कांदा चिरत होत्या. त्यांनी विळी बाजूला सारली, कात्री आणली, मला मांडीवर घट्ट धरलं. सबीनानं डाव्या हातानं, वेडावाकडा का होईना, माझा पट्टा कापून टाकला. आता मी कुणाच्याच डोक्यावर बसणार नव्हतो.

अब्बा रागानं बाहेर जाऊन बसले, जेवायलाही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सबाला घेऊन शिरूरला गेले. परतले तेव्हा तिच्या डोक्यावर नवं निळं हेल्मेट होतं. शाळेला निघताना त्यांनी तिला दारात थांबवलं, हनुवटीखाली बोट घालून पट्टा तपासला. सैल होता. आवळला.

"आता जा."

मी अंगणात पडून आहे. भंगारवाला येईल तेव्हा जाईन, वाईट वाटणार नाही. तुमच्या घरात असलं मार खाल्लेलं हेल्मेट 'लाभलंय' म्हणून टांगलेलं असेल, तर त्याचाही पट्टा कापा. धाकट्याला नवं घ्या. म्हातारे हसतील, हसू द्या. तेच संध्याकाळी पोरगी आली का म्हणून चार वेळा दारात येऊन बघतात. मी इथून रोज बघतोय.