भिंगरीचे बूट

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलाखाली, चामड्याच्या तुकड्यांच्या टोपलीला खेटून जी काळी पेटी उभी आहे ना, ती म्हणजे मी. मी एक जुना संगणक आहे. आज मला तुम्हांला माझी हकिकत सांगायची आहे, आणि रडगाणे मुळीच गायचे नाही.

माझा जन्म एका लहानशा दुकानात झाला. दुकानदाराने सुटे भाग एकेक करून माझ्या पोटात बसवले, वीज सोडली, आणि माझा पंखा घरघरला. कोरा करकरीत असा मी या कामशाळेत आलो तो ताईंच्या हाताखाली काम करायला.

ताई बूट करतात. साधे नव्हेत. ज्या मुलांची पावले जन्मतः आत वळलेली असतात, त्यांच्यासाठी. हे काम त्या आपल्या वडिलांकडून, नानांकडून शिकल्या. नानांनी उभा जन्म हाताने चामडे कापले. ताई मात्र पावलाचा साचा मोजून त्याची आकृती माझ्या पडद्यावर काढू लागल्या. ती मी कापायच्या यंत्राला सांगायचो आणि यंत्राचे पाते चामड्यावरून सरसर फिरायचे.

नानांना मी आवडलो नाही. ते मला ‘डबा’ म्हणत. “त्या डब्याला पाऊल म्हणजे काय ते काय कळतंय?” असे पुटपुटत ते माझ्याकडे पाठ करून बसत. पण मी कापून दिलेला पहिला बूट एका मुलाच्या पायात चपखल बसला, तेव्हा नानांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, शिवण नखाने दाबून पाहिली आणि म्हणाले, “बरा आहे.” ताईंनी मान खाली घालून हसू लपवले. नानांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी त्यांनीही कधी ऐकली नव्हती.

मग वर्षे गेली. मी रोजचाच झालो. रोजच्या वस्तूकडे कोण पाहतो? चामडे घासताना उडणारी भुकटी माझ्या अंगावर बसे, कधी डिंकाचे बोट माझ्या बटणावर पुसले जाई. मला वाईट वाटे, पण मी काम थांबवले नाही.

आणि एके दिवशी सकाळी ताईंनी बटण दाबले, तर मी उठलोच नाही.

दिवसही नेमका तोच. एका चिमुरडीच्या पायांचे प्लास्टर त्या दुपारी निघायचे होते. घरचे तिला भिंगरी म्हणत, आणि ती बिचारी आजवर एक पाऊलही सरळ चालली नव्हती. प्लास्टर निघाले की लगेच बूट चढवायला हवे होते, नाहीतर पावले हळूहळू पुन्हा आत वळली असती. मग परत प्लास्टर, परत तेच सगळे. बुटांचे तळ तयार होते. वरचे चामडे तेवढे कापायचे राहिले होते, आणि त्याची आकृती माझ्या पोटात होती. दुसरीकडे कुठेच नव्हती.

ताईंनी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “संध्याकाळच्या आत काही जमायचं नाही, ताई.” फोन ठेवतात तोच भिंगरीच्या आईचा आला. “आम्ही निघतोय हं दवाखान्यात. हिला कालच नवे मोजे आणलेत. सकाळपासून प्लास्टरवरच चढवून बसलीये.”

“या तुम्ही,” ताई म्हणाल्या. फोन ठेवताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

नाना उठले. “साचा आण इकडे. मी हाताने कापतो.” त्यांनी चामडे पसरले आणि सुरी टेकवली. सुरी थरथरत होती. त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने धरून पाहिले, तरी टोक काही स्थिर राहीना. मग त्यांनी स्वतःच सुरी खाली ठेवली. “नाही जमत आता,” ते म्हणाले. ताईंनी ती सुरी उचलून बाजूला ठेवली; हाताने कापायचा सराव त्यांनाही आता उरला नव्हता.

“नाना, तो टेबलावरचा दिवा द्या बरं मला.”

माझी वायर काढून त्यांनी त्याच जागी दिवा लावला. लख्ख पेटला. म्हणजे भिंतीतली वीज ठीक होती. मग प्रिंटरची वायर काढून मला लावली. मी गप्पच. माझ्या पाठीवरचा लहान खटका त्यांनी खालीवर करून पाहिला. तरी काही नाही. मित्रांनो, मला सगळे ऐकू येत होते आणि एक हुंकारही देता येत नव्हता!

“मेला की काय डबा?” नाना म्हणाले. पण तो आवाज चिडलेला नव्हता. घाबरलेला होता.

ताईंनी वीज काढली, मला टेबलाखालून बाहेर ओढले आणि माझी कूस उघडली. आत धुळीची नुसती गादी जमली होती. मऊ ब्रशाने त्यांनी ती झाडली, सैल वाटलेल्या जोडण्या दाबून बसवल्या आणि वायर पुन्हा लावली. कोपऱ्यात माझा इवलासा हिरवा दिवा लागला.

नानांनीच तो पाहिला. “अगं, हा जागा आहे!”

“मग उठत का नाही?” ताईंनी बटण पुन्हा दाबले आणि बोट तसेच ठेवून विचार करू लागल्या. “नाना, तुम्ही दाबून बघा. पोचट लागतंय. टक् होतच नाही.”

नानांनी दाबले. “आत लगदा झालाय. भुकटी आणि डिंक.”

दुखणे सापडले होते. माझे पोट, माझी छाती, सगळे धडधाकट होते. फक्त बटणाचा निरोप आत पोचत नव्हता. ताईंनी पुन्हा फोन लावला. दुरुस्तीवाल्याने सांगितल्याप्रमाणे बटणाच्या दोन तारा जिथे जोडल्या होत्या, ती जागा शोधली आणि तारा उपसल्या. खाली दोन बारीक खिळ्या उघड्या पडल्या. त्या दोन्हींना स्क्रूड्रायव्हरचे टोक एकदम क्षणभर टेकवायचे होते, म्हणजे बटण दाबल्यासारखेच झाले असते.

“शॉक बसेल गं,” नाना म्हणाले.

“इथली वीज टॉर्चच्या सेलएवढीच असते म्हणाला.” ताईंनी टोक टेकवले.

मित्रांनो, मी जागा झालो! माझा पंखा गरगरला, पडदा उजळला, आणि भिंगरीची आकृती जशीच्या तशी समोर उभी राहिली. ताई खुर्चीत मटकन बसल्या आणि लगेच उठल्या, कारण बसायला वेळ कुठे होता? यंत्राचे पाते फिरू लागले. ताई शिवत होत्या, नाना तळ चिकटवत होते. त्या कामाला त्यांचा हात अजून चालत होता.

दुपारी आईने भिंगरीला कडेवर घेऊन आणले. तिच्या पावलांना पट्ट्या होत्या, आणि पट्ट्यांवर ते नवे मोजे. ताईंनी बूट चढवले, बंद बांधले आणि हात सोडले. भिंगरी डगमगली. मग एक पाऊल, दुसरे पाऊल, सरळ, अगदी सरळ, आणि तिने येऊन माझ्या डोक्यावर दोन्ही हात टेकले. तिची आई दाराशी तोंडावर पदर धरून उभी होती.

“हा गरम आहे,” भिंगरी म्हणाली.

“दमलाय तो,” नाना म्हणाले. “खूप काम केलंय त्याने आज.” त्या दिवसापासून त्यांनी मला डबा म्हटलेले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामशाळेच्या दारावरची घंटी काढली आणि तिचे बटण माझ्या तारांना जोडून दिले. “लोक काय, हाताने दार वाजवतील,” म्हणाले. भिंगरीची पावले वाढली की ती नव्या मापासाठी येते आणि धावत येऊन आधी ते बटण दाबते. धावत, बरे का!

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याची धूळ पुसा, मोलाचे काम दुसरीकडेही उतरवून ठेवा, आणि तो कधी गप्प झाला तर लगेच मेला म्हणू नका. आधी कूस उघडून पाहा. आत कुठेतरी हिरवा दिवा लागलेला असेल.