आपाची खबर

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात जमशेद केबलवाल्याच्या वायरीतून गावभर टीव्ही चालायचा, पण त्याच्या आईला, सिताराबीला, एकच वाहिनी हवी असायची आणि तीही नेमकी सरहद्दीपलीकडची. हौस म्हणून नव्हे. तिची थोरली बहीण, आपा, लग्न होऊन कराचीला गेली ती गेलीच. व्हिसा मिळेना, आणि फोनवर जमशेदनेच बंदी घातलेली. "अम्मी, तिकडं फोन केला का नोंद राह्यते. उद्या कोनी इचारलं तं काय सांगू?" केबलचा धंदा परवान्यावर चालतो, आणि परवान्याला नुसत्या संशयानेही तडा जातो.

पण आपाची नात तहसीन तिकडच्या एका वाहिनीवर रोज दुपारी स्वयंपाक शिकवायची. बोलघेवडी पोर. फोडणी देता देता नानीचे गुडघे, नानीचा हट्ट, नानीच्या हातचं भरीत, सगळं सांगून मोकळी व्हायची. मोबाइलवर ती वाहिनी इकडे उघडत नसे. जमशेदच्या गच्चीवरच्या डिशच्या मोठ्या छत्रीत मात्र सापडायची. त्याने ती गावाला कधी दाखवली नाही. एक वायर तेवढी आईच्या खोलीत सोडली. शेजारची मनकर्णाबाई रोज येऊन सोबत बसायची आणि दरवेळी तेच म्हणायची, "तुह्यासारखंच नाक हाय व सितारा हिचं!"

आता मनकर्णाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बारसं असो की हळदीकुंकू, ती कौतुकाने सांगायची, "आमच्या सिताराची नात पाकिस्तानच्या टीव्हीवर येते." कौतुकच ते, दुसरं काही नाही. पण कोणीतरी तक्रारीचा अर्ज केला.

जमशेदला वाशीमच्या सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. सरकारची परवानगी नसलेली वाहिनी केबलवाल्याने चालवू नये, हा नियम त्याला पाठ होता. वायर काढून टाकली, असं त्याने घाबरून लिहून दिलं आणि खरोखर काढायला घरी आला, तर आई टीव्हीसमोर रडत बसलेली. तहसीनने सांगितलं होतं, नानीला दवाखान्यात भरती केलंय, सगळ्यांनी दुआ करा.

सिताराने त्याचा हात धरला. "आपा कशी हाय तेवढं कळू दे बेटा. मंग तूच तोड वायर."

दुसऱ्या दिवशी जुनाच भाग लागला. तिसऱ्या दिवशीही जुनाच. जमशेद रोज सकाळी पक्कड घेऊन गच्चीवर चढायचा आणि तसाच खाली यायचा. इकडे आड, तिकडे विहीर. आईला नाही कोण म्हणतं? आणि सरकारला तरी कोण म्हणतं?

मग एका दुपारी तहसीन दिसली. शेगडीपाशी नव्हती, सूत्रसंचालक बाईशेजारी सोफ्यावर बसली होती. ओठ कोरडे, डोक्यावर पांढरी ओढणी. ऊन तापलंय, पांढरं कोणीही घेतं, असं सितारा स्वतःला समजावत होती. तेवढ्यात दारात जीप थांबली.

वाशीमचे साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी उंबऱ्यापाशी बूट काढले, "माफ करा मावशी" म्हणाले आणि पडद्याकडे पाहून जमशेदकडे वळले. "तुम्ही तर काढली म्हणून लिहून दिलं होतं."

मनकर्णाबाई पुढे सरसावली. "माह्यासाठी लावली साहेब त्यानं. मले त्याइचा सैपाक पाह्याचा लय शौक हाय." जन्मात पहिल्यांदा तिने जीभ सांभाळली, पण फार उशिरा.

"अर्जात लिहिलंय की ही मुलगी यांच्या नात्यातली आहे," साहेब म्हणाले. "मावशी, ओळखता का हिला?"

पडद्यावर सूत्रसंचालक बाईने तहसीनच्या खांद्यावर हात ठेवला. सिताराने मुलाकडे पाहिलं. हो म्हटलं तर खोटं लिहून दिल्याच्या जोडीला सरहद्दीपलीकडचं नातं त्याच्या गळ्यात पडणार होतं.

"कोन जाने साहेब," ती म्हणाली. "असंन कोनी रांधनारी."

तहसीनने मान खाली घातली आणि बोलायला सुरुवात केली. "मेरी नानी..."

"मग बंद करायला काही हरकत नाही," साहेब म्हणाले.

जमशेदने टीव्हीमागे हात घातला. वायर बोटांत धरून तो थांबला आणि आईकडे बघत राहिला. अजून एक वाक्य, बस. पण जी बाई या पोरीला ओळखतच नाही, तिला तिच्या नानीची काय पडली असणार?

"काढ ना रे," सितारा म्हणाली. "काहून थांबला?"

पडदा निळा झाला. साहेबांनी गच्चीवरच्या छत्रीला जोडलेला डबा आणि वायर जप्त केली, सह्या घेतल्या, परवाना राहील पण पुन्हा असं दिसता कामा नये, अशी तंबी दिली आणि गेले. जमशेद दाराशीच बसला. परवाना वाचला म्हणून हसावं की रडावं, त्याला कळेना.

मनकर्णाबाई पदराने डोळे पुसत होती. "सितारा, काय सांगून राह्यली होती व पोरगी?"

अजान झाली तशी सिताराने हातपाय-तोंड धुऊन वजू केला, मुसल्ला अंथरून त्यावर उभी राहिली, नमाज पुरी केली आणि आपासाठी हात वर उचलले. जिवंत माणसासाठी तब्येत मागतात. गेलेल्यासाठी मगफिरत मागतात, त्याच्या गुन्ह्यांची माफी. कोणती मागावी ते तिला कळेना, म्हणून ती हात तसेच धरून बसून राहिली.