बिनकड्यांच्या भिंती

मी तिकुल गावाच्या वेशीवरची नवी सोसायटी बोलतेय. पिवळी, चार मजली, जिच्यापुढे रस्ता संपतो आणि रान सुरू होतं, तीच. दुपारच्या उन्हात मला डुलकी लागते, तेव्हा जरा बरळले तर सांभाळून घ्या.

माझा आराखडा दूर राजधानीत निघाला. तिथली माणसं पलंगावर झोपतात. इथे युकातान प्रांतात मात्र लहानथोर सगळे दोऱ्यांच्या झुल्यात झोपतात. मला लिफ्ट मिळाली, फुलझाडं मिळाली, पण भिंतींत झुल्याच्या कड्या बसवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. घर बघायला आलेले लोक आधी भिंती बघायचे. "टांगायचं कुठे?" एवढंच विचारून जिना उतरायचे. मी आपली नटूनथटून बसलेली, आणि आलेली स्थळं आल्या पावली परत. फार जिव्हारी लागायचं.

मग तिसऱ्या मजल्यावर ग्लेंडी आली. शाळेत शिकवणारी. खेड्यात एकट्या राहणाऱ्या आईला, फिदेलियाला, तिनं सोबत आणलं. म्हातारी मागे एकदा सकाळी अंगणात पडली होती, ते शेजारणीला थेट संध्याकाळी कळलं. तेव्हापासून ग्लेंडीच्या जिवाला घोर होता. पण फिदेलियानं गाठोडं सोडलंच नाही. दाराशीच ठेवलं.

"पलंगावर आडवी झाले की वाटतं, आता कोणीतरी उशाशी मयताच्या मेणबत्त्या लावायला येणार."

"आई, नवी गादी आहे. सवय होईल."

"या वयात सवयी लावू की सोडू? झोप नाही डोळ्याला. रविवारच्या बसनं जाते मी."

 शनिवारी ग्लेंडी झुल्याच्या कड्या विकत आणि ड्रिल मागून घेऊन आली. पहिल्याच भोकातून नुसता भुगा सांडला. माझ्या भिंती पोकळ विटांच्या, त्यांना तरी काय जोर असणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फिदेलिया उठली आणि कलिंगड पारखावं तशी मला टिचक्या मारत फिरली. "ही पोकळ. हीसुद्धा. हां, इथे खांब आहे."

एक खांब आतल्या खोलीत सापडला, दुसरा थेट स्वयंपाकघराजवळ. झुला दारातून आरपार, घरभर ताणला गेला.

"आता घेवडा ढवळायला मी वाकून जायचं?" ग्लेंडी म्हणाली.

"वाक की. मास्तरीण झाल्यापासून वाकलीच नाहीस."

खांबात ड्रिल शिरलं तेव्हा दुखलं मला, खोटं कशाला बोलू. पण म्हातारी झुल्यात बसली, कड्या करकरल्या, आणि मी तिला तोलून धरलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाचं तरी घर झाले.

रविवारी बसनं रस्त्यावर हॉर्न वाजवला. फिदेलिया गाढ झोपली होती. ग्लेंडी तिच्याखालून वाकून दाराशी गेली आणि तिनं हळूच गाठोड्याची गाठ सोडली.

बघता बघता सगळ्या मजल्यांवर खांब शोधले गेले, घरं भरली. इमारतीनं हलू नये म्हणतात. पण दुपारी इतके जीव माझ्या अंगाखांद्यावर झुलतात, तेव्हा मीही मनातल्या मनात झुलते. घरं बांधणाऱ्यांनो, राहणारे कसे झोपतात, तेवढं आधी विचारत जा.

फिदेलिया गेल्या वर्षी त्याच झुल्यात गेली, झोपेतच. झुला तिच्यासोबत पुरला. कड्या आहेत अजून. आणि ग्लेंडी स्वयंपाकघरात जाताना त्या जागी अजूनही वाकते.